ही 'कॅश' गल्ल्यातली नव्हे

खापरखेड्यात मोटार रिवाइंडिंगचे काम करणारे एक उस्ताद आहेत. मोटार शेतातल्या पंपाची असो की कोळशाच्या ठेकेदाराची, जळालेली कॉइल त्यांच्या हातून बांधून निघाली की दगा देत नाही, असा त्यांचा लौकिक. दोन वर्षांपूर्वी मुख्य रस्त्यावरची भाड्याची खोली सोडून ते आतल्या गल्लीत स्वतःच्या जागेत आले. पाटी हलविली, अवजारांची पेटी हलविली, काम सुरू केले. पण गिऱ्हाईक हळूहळू रोडावू लागले. एके दिवशी पारशिवनीकडचा जुना शेतकरी बाजारात भेटला आणि म्हणाला, "उस्ताद, तुम्ही धंदा बंद केला म्हणे! मी मोबाईलवर पत्ता पाहून आलो तर कुलूप. नंबर लावला तर कोणी दुसराच बोलला. मग मोटार नागपूरला नेली."

उस्तादांनी घरी येऊन कॉलेजात शिकणाऱ्या भाच्यापुढे मोबाईल ठेवला. भाचा म्हणाला, "मामू, कॅश क्लियर करावी लागेल." उस्ताद म्हणाले, "बेटा, ती तर केव्हाचीच क्लियर आहे. गल्ला उघडून बघ!"

ऐकणारे हसले. पण गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. भाच्याने मोबाईलमधली ती 'कॅश' पुसली, तरी पत्ता जुनाच दिसत राहिला. आठ दिवसांनी पाहिले, तरी जुनाच. म्हणजे रोग एकीकडे होता आणि औषध दुसरीकडे दिले जात होते. असे अनेक दुकानांच्या बाबतीत होत असणार. म्हणून ही कॅश म्हणजे काय, ती आपल्या धंद्याच्या आड कुठे येते आणि कुठे येत नाही, हे व्यापारी आणि कारागीर बंधूंनी समजून घेतले पाहिजे. आमचे मत आधीच सांगून टाकतो. यंत्राची आठवण शिळी होते हे खरे, पण ती ठरल्या मुदतीने स्वतःहून पुसली जाते. आपण लावलेली शिळी पाटी मात्र आपण काढल्याशिवाय निघत नाही.

तयार उत्तरांची फळी

इंग्रजीत रोकड रकमेला कॅश म्हणतात आणि संगणकातल्या या सोयीलाही कॅश म्हणतात. उच्चार एक, पण शब्द दोन. दुसऱ्या शब्दाचे मूळ फ्रेंच भाषेत असून त्याचा अर्थ आहे लपवून, राखून ठेवणे. जे पुन्हा लागणार आहे ते हाताशी राखून ठेवावे, एवढाच त्यातला विचार. हा विचार आपल्याला नवा नाही. कोणताही किराणा दुकानदार चहापत्ती, साखर, साबण समोरच्या फळीवर ठेवतो आणि क्वचित खपणारा माल मागे गोदामात टाकतो. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी गोदामात जायचे म्हटले तर दुकान चालणार नाही.

गूगलसारख्या शोधयंत्राचे गोदाम म्हणजे त्याची सूची. कोणता शब्द जगातल्या कोणकोणत्या पानांवर आहे, याची ती प्रचंड वही. ही वही एका संगणकात मावत नाही. तिचे तुकडे करून हजारो संगणकांवर ठेवलेले असतात. गूगलच्या अभियंत्यांनी २००३ साली लिहून ठेवले आहे की, त्या वेळी त्यांच्याकडे १५,००० हून अधिक साधे संगणक या कामाला जुंपलेले होते आणि एका प्रश्नाचे उत्तर काढण्यासाठी सरासरी शेकडो मेगाबाइट मजकूर वाचावा लागत असे. आपण चार शब्द टाइप करतो आणि क्षणात उत्तर येते. त्या क्षणात पलीकडे केवढी धावपळ होते याची आपल्याला कल्पना नसते.

खापरखेड्याच्या माणसाला ही गोष्ट विजेच्या भाषेत लवकर समजेल. २००९ साली गूगलने सांगितले होते की, एका शोधाला सुमारे ०.०००३ युनिट वीज लागते. म्हणजे एका युनिटात तीन हजारांवर शोध. हिशोब किरकोळ वाटतो. पण दिवसाला अब्जावधी प्रश्न येऊ लागले की तो किरकोळ राहत नाही. म्हणून एखाद्या प्रश्नाचे उत्तर एकदा काढले की यंत्र ते तयार फळीवर ठेवून देते. तोच प्रश्न दुसऱ्याने विचारला तर गोदामात न जाता फळीवरचे उत्तर उचलून देते. वेळ वाचतो, वीज वाचते, यंत्रे कमी लागतात.

फळीवर कोणता माल ठेवायचा?

फळी कितीही मोठी केली तरी तिला शेवट असतोच. मग कोणते उत्तर ठेवायचे आणि कोणते काढायचे? सर्वांत जुना नियम असा, की जे बराच काळ कोणी मागितले नाही ते काढून टाकावे. पण केवळ या नियमाने भागत नाही. रमजानच्या महिन्यात शेवया आणि खजूर समोर येतात, पण म्हणून साखर कोणी गोदामात टाकत नाही. इटलीतल्या पिसा येथील संशोधकांनी २००६ साली हाच तोडगा मांडला. फळीचा काही भाग बारमाही खपाच्या उत्तरांसाठी कायम राखावा आणि उरलेला भाग चालू हंगामाप्रमाणे बदलत ठेवावा. आपल्या दुकानदारांना हे शिकवायला पिसाहून कोणी येण्याची गरज नव्हती!

आता प्रश्न असा, की या फळीवरून किती गिऱ्हाइके भागतात? गूगलचे ज्येष्ठ अभियंते जेफ डीन यांनी २००९ साली एका परिषदेत सांगितले होते की, साधारण ३० ते ६० टक्के प्रश्नांना राखून ठेवलेली उत्तरे उपयोगी पडतात. याहू कंपनीच्या बार्सिलोना येथील संशोधकांनी २००७ साली लोकांनी विचारलेल्या प्रश्नांची एक मोठी नोंदवही तपासली. तिच्यातले सुमारे ४४ टक्के प्रश्न असे होते की जे एकदाच विचारले गेले, पुन्हा नाहीत. अशा प्रश्नाचे उत्तर राखून ठेवले तरी ते कोणाच्या उपयोगाला येणार? गूगलनेही अनेक वर्षे सांगितले आहे की, रोज येणाऱ्या प्रश्नांपैकी सुमारे १५ टक्के प्रश्न पूर्वी कधीच कोणी विचारलेले नसतात.

या आकड्यांकडे आपल्या लोकांनी नीट पाहावे, कारण छोट्या कारागिराचे स्थान त्यांत आहे. सिनेमा, क्रिकेटचा सामना, सोन्याचा भाव असे प्रश्न लाखो लोक विचारतात. त्यांची उत्तरे फळीवर असतात आणि त्या फळीवर मोठ्या कंपन्यांचीच नावे झळकतात. "खापरखेडा पाण्यातली मोटार रिवाइंडिंग" हा प्रश्न मात्र महिन्यातून पाच-दहा लोक विचारत असतील. शिवाय 'जवळचे वेल्डिंग दुकान' या प्रश्नाचे खापरखेड्यातले उत्तर वेगळे आणि कामठीतले वेगळे, त्यामुळे एकाचे उत्तर दुसऱ्याला देता येत नाही. अशा वेळी यंत्राला बहुधा गोदामातच जावे लागते. फार तर तयार शर्टाऐवजी कापून ठेवलेली कॉलर आणि कफ हाताशी असावेत, तशा 'मोटार' आणि 'रिवाइंडिंग' या शब्दांच्या याद्या त्याने हाताशी ठेवलेल्या असतात. त्या जोडून ते उत्तर नव्याने शिवून देते.

याचा अर्थ काय? आपल्या धंद्याविषयीचे उत्तर बहुतेक वेळा ताजेच काढलेले असते. ते चुकीचे असेल तर फळीवरचा माल शिळा झाला असे म्हणता येत नाही. गोदामात आपला मालच जुना पडलेला आहे.

कोळशाचा ढीग

राखून ठेवण्याचे फायदे आहेत तसे धोकेही आहेत, आणि ते खापरखेड्याला वेगळे सांगायला नकोत. येथील वीज केंद्राची क्षमता १३४० मेगावॉट आहे. २१० मेगावॉटचे चार संच आणि ५०० मेगावॉटचा एक. खाणीतून कोळसा येतो त्याच क्षणी तो बॉयलरमध्ये टाकायचा म्हटले तर एक गाडी उशिरा आली तरी संच थांबेल. म्हणून आवारात कोळशाचा साठा करून ठेवतात. पण कोळसा फार दिवस पडून राहिला तर त्याची उष्णता कमी होते आणि कधी कधी ढिगाला आतून आपोआप आग लागते. साठा हवाच, पण तो फिरता हवा.

शोधयंत्राच्या फळीवरच्या उत्तरांचेही असेच आहे. याहूच्याच संशोधकांनी २०१० साली दाखवून दिले की, आता साठवण्याच्या जागेची टंचाई हा मुख्य प्रश्न राहिलेला नाही. जागा स्वस्त झाली. खरा प्रश्न शिळेपणाचा आहे. उत्तर काढल्यानंतर मूळ सूची बदलली, तर फळीवरचे उत्तर खोटे ठरते. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक उत्तराला मुदत लावतात, औषधाच्या बाटलीवर असते तशी. मुदत संपली की उत्तर बाद. शिवाय गिऱ्हाईक कमी असते त्या वेळी यंत्र रिकामे न बसता जुन्या उत्तरांची स्वतःहून पुन्हा पडताळणी करते. म्हणूनच आम्ही वर म्हटले की, यंत्राची आठवण आपोआप पुसली जाते.

विचारत राहावे की कळविण्याची वाट पाहावी?

या विषयावर आपल्या महाराष्ट्रातही काम झालेले आहे. पवई येथील आयआयटी मुंबईचे प्रा. कृती रामामृतम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली हाँगकाँगच्या जागतिक परिषदेत एक निबंध मांडला. प्रश्न असा होता की, शेअरच्या भावासारखी सतत बदलणारी माहिती राखून ठेवायची असेल तर ती ताजी कशी ठेवावी? मार्ग दोन. एक, आपण वारंवार मूळ ठिकाणी जाऊन विचारत राहावे. दुसरा, भाव बदलला की मूळ ठिकाणाने आपल्याला कळवावे. पहिल्यात हेलपाटे फार. दुसऱ्यात कळविणाऱ्यावर ओझे फार, आणि तो बंद पडला तर आपण अंधारात. प्रसंग पाहून दोन्हींचा मेळ घालावा, असे त्यांचे म्हणणे.

इतवारीतून माल आणणाऱ्या आपल्या दुकानदाराला हे लगेच पटेल. रोज फोन करून भाव विचारणारा दुकानदार आणि "भाव हलला की कळवा" असे आडत्याला सांगून ठेवणारा दुकानदार, दोघेही आपण पाहिले आहेत. शहाणा तो, जो तेजी-मंदीच्या दिवसांत स्वतः विचारतो आणि एरवी आडत्यावर सोपवितो.

याच आयआयटीने २००३ मध्ये शेतकऱ्यांसाठी 'आक्वा' नावाची प्रश्नोत्तरांची सोय सुरू केली होती. शेतकरी मराठीत प्रश्न विचारी आणि बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रातले जाणकार उत्तर देत. गावात इंटरनेटची तार कधी चालू, कधी बंद. म्हणून तिच्यात विचारपूर्वक राखून ठेवण्याची आणि जोडणी नसतानाही काम चालविण्याची व्यवस्था केलेली होती. राखून ठेवणे ही केवळ श्रीमंत कंपनीची चैन नव्हे. ज्याच्याकडे साधने कमी त्याला तर ते अधिक उपयोगी पडते.

दोष कोठे शोधावा?

आता उस्तादांच्या पत्त्याकडे वळू. मोबाईलवर जुनी माहिती दिसली तर ती चार ठिकाणी शिळी झालेली असू शकते. पहिले ठिकाण आपला स्वतःचा मोबाईल. तोही पाहिलेली पाने राखून ठेवतो. भाच्याने पुसली ती ही कॅश. तेवढ्याने भागते का हे पाहायला दुसऱ्या माणसाच्या मोबाईलवर तोच शोध करून पाहावा. दुसरे ठिकाण शोधयंत्राची तयार उत्तरांची फळी. तेथे मुदत संपेपर्यंत थांबणे एवढेच आपल्या हाती असते. तिसरे ठिकाण शोधयंत्राची सूची. आपल्या दुकानाची वेबसाइट बदलली तरी यंत्राचा हरकारा ते पान पुन्हा वाचून जाईपर्यंत सूचीत जुनाच मजकूर राहतो. पान पुन्हा वाचावे अशी विनंती करण्याची सोय गूगलने वेबसाइटच्या मालकांना दिलेली आहे. चौथे आणि शेवटचे ठिकाण म्हणजे मूळ नोंद. नकाशावर दुकानाचे नाव, पत्ता, फोन, वेळ कोणीतरी कधीतरी लिहिलेली असते. ती जुनी असेल तर वरची तिन्ही ठिकाणे कितीही ताजी केली तरी तोच जुना पत्ता पुन्हा पुन्हा ताजा होऊन येणार!

उस्तादांच्या बाबतीत हेच झाले होते. सात वर्षांपूर्वी एक नातेवाईक सुट्टीत आला, त्याने हौसेने नकाशावर दुकान टाकले, फोटो लावला आणि आपल्याच ईमेलवरून टाकले. तो परत गेला आणि पासवर्ड विसरला. उस्तादांनी नंतर सिम बदलले. जुना नंबर कंपनीने रीतीप्रमाणे दुसऱ्या गिऱ्हाइकाला दिला. जागा सोडल्यावर त्या बंद खोलीसमोरून जाणाऱ्या कोणीतरी भल्या हेतूने 'हे दुकान बंद आहे' असे कळविले असणार, कारण अशी सूचना कोणालाही करता येते. सगळ्यांनी आपापल्या परीने खरेच सांगितले होते. फक्त दुकानाचा मालक गप्प होता.

आपण काय करावे?

काम मोठे नाही आणि त्याला पैसाही लागत नाही. नकाशावरची नोंद मोफत असते. ती मालकाच्या स्वतःच्या ईमेलवर असावी, पुतण्या-भाच्याच्या नव्हे. तो ईमेल आणि पासवर्ड दुकानाच्या कागदपत्रांबरोबर लिहून ठेवावा, जसा आपण भाडेपट्टा ठेवतो. नोंद दुसऱ्या कोणाच्या ताब्यात असेल तर मालकी मागण्याची रीत आहे. पडताळणी फोनने किंवा दुकानाचा व्हिडिओ दाखवून होते. नंबर बदलण्याच्या आधी नोंद बदलावी, नंतर नव्हे. रमजानमध्ये दुकानाच्या वेळा बदलतात, शुक्रवारी दुपारी दुकान काही वेळ बंद असते, ईदला सुट्टी असते. या वेळा वेगळ्या लिहिण्याची सोय त्या नोंदीत आहे, पण ती वापरणारे थोडे. लांबून आलेले गिऱ्हाईक बंद दार पाहून परत गेले तर तो दोष कोणाचा?

दुसरे, नोंदीत नेमके शब्द लिहावेत. 'सर्व प्रकारची कामे केली जातील' हे वाक्य पाटीवर शोभते, शोधात कामाचे नाही. पिंजारी बंधूंनी 'कापूस पिंजणे, जुनी गादी नव्याने भरणे' लिहावे. सोफा बनविणाऱ्याने 'सोफा कव्हर बदलणे, फोम बदलणे' लिहावे, तेही मराठीत आणि हिंदीत. एकदाच विचारल्या जाणाऱ्या त्या ४४ टक्के प्रश्नांत मोठी कंपनी आपल्यापुढे सहसा उभी नसते. तेथे नेमके बोलणाऱ्याला जागा मिळते.

तिसरे, महिन्याच्या हिशोबाच्या दिवशी एक काम वाढवावे. शेजाऱ्याच्या मोबाईलवर आपल्याच दुकानाचा शोध करावा आणि दिसलेल्या नंबरवर फोन लावून पाहावा. घंटा आपल्या दुकानात वाजली म्हणजे झाले.

कंपन्यांची जबाबदारी नाही काय?

कोणी म्हणेल, सगळा दोष गरीब कारागिराच्या माथी का मारता? आक्षेप रास्त आहे. आपल्या दुकानांच्या माहितीवर या कंपन्यांचा धंदा चालतो. कोणाही वाटसरूच्या सूचनेवर दुकानाला 'बंद' म्हणायची सोय आहे, तर मालकाला विचारण्याचीही तेवढीच भक्कम सोय मराठीत, फोनवर बोलून होईल अशी हवी. उत्तरासोबत 'ही माहिती अमुक तारखेची' असे ठळक लिहिले तर पारशिवनीचा शेतकरी निदान सावध झाला असता. पूर्वी गूगल पानाची राखून ठेवलेली जुनी प्रत पाहू देत असे. तो दुवा २०२४ साली काढून टाकण्यात आला. आता तर थेट वाक्यांत उत्तर देणारी यंत्रे आली आहेत. त्यांची शिकवणी ठराविक काळापर्यंतच्या मजकुरावर झालेली असते, आणि ती जुनी गोष्टही नव्या इतक्याच ठामपणे सांगतात. म्हणून माहितीवर तारीख छापण्याची मागणी व्यापारी संघटनांनी जरूर लावून धरावी.

पण मागणी मान्य होईपर्यंत गल्ला थांबत नाही. कंपनीला आपले दुकान हलले हे स्वप्नात कळणार नाही. आयआयटीच्या त्या निबंधाच्या भाषेत सांगायचे तर, कळविणाऱ्याने कळविलेच नाही तर विचारणारा कितीही हेलपाटे घालो, त्याला जुनाच भाव मिळणार.

उस्तादांनी शेवटी स्वतःच्या नावाने ईमेल काढला, मालकी मागितली, गल्लीच्या तोंडापासून दुकानापर्यंतचा व्हिडिओ भाच्याकडून काढून पाठविला. काही दिवसांनी नकाशावर नवी जागा दिसू लागली. परवा भेटलो तेव्हा दुकानात तीन मोटारी उघडून पडल्या होत्या. त्यांतली एक पारशिवनीची होती. उस्ताद म्हणाले, "दोन वर्षांत किती मोटारी नागपूरला गेल्या, त्याचा हिशोब कोणत्या वहीत मांडू?"

तो हिशोब आता मांडता येणार नाही. पण वाचकांपैकी ज्यांनी गेल्या काही वर्षांत जागा, नंबर किंवा वेळ बदलली असेल, त्यांनी आज दुकान बंद करण्यापूर्वी आपल्या नावाचा एक शोध करून पाहावा.